अर्जांचे टेबल : मुंबई उपनगरांतील माजी सैनिकांच्या संघटना आणि त्यांची सभागृहे

माजी सैनिकांच्या एखाद्या स्थानिक संघटनेचा इतिहास लिहू जाता स्मरणिका, ध्वजवंदनाची छायाचित्रे आणि पाहुण्यांच्या भाषणांची कात्रणे सहज हाती लागतात. परंतु अशा संघटनेचे दफ्तर वर्षानुवर्षे सांभाळलेल्या कार्यवाहांचा अनुभव विचारात घेतला, तर तिचा खरा इतिहास आवक-जावक नोंदवहीत साठलेला आहे, असे म्हणावे लागते. आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक कागदाचा क्रमांक, दिनांक आणि विषय जिच्यात टिपला जातो, ती ही नोंदवही अंधेरी-बोरिवलीकडची असो वा घाटकोपर-मुलुंडकडची, विषयांचा स्तंभ जवळजवळ एकाच रांगेने जातो: कुटुंब निवृत्तिवेतन, नावातील दुरुस्ती, थकबाकी, ओळखपत्राची दुय्यम प्रत, मुलीचा वसतिगृहातील प्रवेश, आणि पुन्हा कुटुंब निवृत्तिवेतन. सभागृहाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. त्यातील व्यासपीठ वर्षातून चार-पाच वेळा वापरले जाते. दाराजवळचे टेबल मात्र जवळपास प्रत्येक रविवारी मांडले जाते, आणि संघटना जिवंत आहे की नाही हे त्या टेबलासमोरच्या खुर्च्यांवरून ठरते.

येथे 'माजी सैनिक' कोणाला म्हणायचे, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्थूलमानाने, भूदल, नौदल किंवा हवाई दलातून निवृत्तिवेतनासह बाहेर पडलेला, वैद्यकीय कारणाने मुक्त झालेला, अथवा स्वतःच्या विनंतीवरून न सुटता कराराची मुदत पूर्ण करून उपदानासह सेवामुक्त झालेला मनुष्य शासकीय व्याख्येत बसतो. निवृत्तिवेतनासाठी जवानाला किमान १५ वर्षांची आणि अधिकाऱ्याला किमान २० वर्षांची सेवा लागत असल्यामुळे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला जवान पस्तिशीच्या आसपासच 'माजी' होऊ शकतो, आणि त्या वयात त्याची मुले शाळेत असतात, आईवडील गावी असतात व घराचे कर्ज फेडायचे असते. माजी सैनिक म्हटले की पदके लावलेला पांढऱ्या मिशांचा वृद्ध डोळ्यांसमोर येतो. संघटनेच्या टेबलावर मात्र त्याच्या शेजारीच बँकेतील दुसरी पाळी संपवून आलेला चाळिशीचा नाईक बसलेला असतो, आणि दोघांची गरज अगदी वेगळी असते.

मराठी मुलखात सेवानिवृत्त सैनिकांनी एकत्र येऊन अर्ज करण्याची परंपरा कोणत्याही सरकारी मंडळापेक्षा जुनी आहे. कोकणातील दापोली हे एकोणिसाव्या शतकात लष्करी निवृत्तिवेतनधारकांचे, म्हणजे त्या काळच्या भाषेत पेन्शनरांचे, गाव होते. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर याच परिसरात स्थायिक झाले, त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी ही संस्था उभी केली, आणि महार जातीची लष्करातील भरती बंद झाल्यावर १८९० च्या दशकात या अन्यायाविरुद्ध सविस्तर विनंतीअर्ज तयार केला. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, हे लष्करी शाळेत शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये हीच मागणी पुन्हा अर्जाच्या रूपाने पुढे नेली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंटची स्थापना व्हायला १९४१ साल उजाडावे लागले. या इतिहासाकडे सामाजिक चळवळीचा पहिला अध्याय म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यात निवृत्त सैनिकांच्या संघटनेचाही पहिला अध्याय दडलेला आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. त्या मंडळींपाशी लिहिता-वाचता येणारी, सरकारी भाषेची रीत जाणणारी माणसे होती, आणि ती रीत त्यांना पलटणीनेच शिकवली होती. आजच्या उपनगरी संघटनेचा कार्यवाह बहुधा सैन्यात लिपिक म्हणून काम केलेला हवालदार किंवा नायब सुभेदार असतो, यात त्यामुळे नवल नाही.

सरकारी यंत्रणा त्यानंतर आली. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले. १९५१ मध्ये त्याच्या नावात खलाशी आणि वैमानिक यांची भर पडली आणि १९७५ पासून ते केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच्या खाली राज्याची आणि जिल्ह्याची मंडळे असतात. महाराष्ट्रात हे काम पुण्यातील सैनिक कल्याण विभाग आणि त्याची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये पाहतात. जिल्हा मंडळाचे अध्यक्षपद पदसिद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, आणि कार्यालयाचा प्रमुख बहुधा निवृत्त लष्करी अधिकारी असतो. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या निमित्ताने गोळा होणारा ध्वजदिन निधी, मुलामुलींची सैनिकी वसतिगृहे, सैनिकी विश्रामगृहे आणि माजी सैनिकाचे ओळखपत्र हा सारा व्यवहार या कार्यालयांतून चालतो. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये एकदा निर्माण झाला, बृहन्मुंबईत विरून गेला, आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी वांद्रे येथे मुख्यालय ठेवून पुन्हा वेगळा झाला. महापालिकेची हद्द मात्र त्याआधीच, १९५७ मध्ये, पश्चिमेला दहिसर आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत पोहोचली होती. हद्दींच्या या फेरफारांचा कागदोपत्री त्रास आजही जाणवतो. सेवापुस्तकातील घरचा पत्ता एका जिल्ह्याचा, निवृत्तीनंतरची नोंदणी दुसऱ्या जिल्ह्याच्या कार्यालयात आणि राहते घर तिसऱ्याच महापालिकेच्या हद्दीत, अशी त्रिस्थळी उपनगरातील सभासदांच्या वाट्याला नेहमी येते.

देशव्यापी बिगरसरकारी संघटन म्हणून इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीगचे नाव घ्यावे लागते. जनरल के. एम. करिअप्पा यांच्या पुढाकाराने ती १९६४ मध्ये स्थापन झाली, आणि फील्ड मार्शल हेग यांनी १९२१ मध्ये केप टाउन येथे सुरू केलेल्या साम्राज्यव्यापी लीगच्या परंपरेशी तिचे नाते आहे. ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत अशा संघटनांची स्वतःची सभागृहे गावोगाव उभी राहिली. तेथे मद्यालय असते, बिलियर्ड्सचे टेबल असते, आणि सभागृहाच्या उत्पन्नावर संघटनेचा खर्च निघतो. मुंबईच्या उपनगरातील संघटना लीगशी संलग्न असो वा नसो, तिचा साचा मात्र त्या परदेशी नमुन्यावरून आलेला नाही. तो ग्रामस्थ मंडळावरून आलेला आहे.

या विधानाचे थोडे स्पष्टीकरण हवे. गिरणगावाच्या काळात कोकणातील आणि घाटावरील गावांनी मुंबईत स्वतःची मंडळे काढली, गावकीच्या खोल्या घेतल्या, मासिक वर्गणी ठरवली, भांड्यांपासून भजनाच्या साहित्यापर्यंत सामाईक वस्तू ठेवल्या आणि त्यांचा हिशेब एका लांबट वहीत लिहिला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांतून सैन्यात गेलेला तरुण त्याच गावांचा होता, आणि पलटण सोडल्यावर मुंबईत आला तेव्हा भाऊबंदांच्या आधारानेच आला. राज्य शासनाच्या वर्ग तीन आणि चारच्या भरतीत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. राष्ट्रीयीकृत बँकांत सशस्त्र रक्षकाची जागा पूर्वापार त्यांच्याकडेच जाते. रेल्वे, महापालिका, तेलशुद्धीकरण कंपन्या आणि खासगी सुरक्षा संस्था हे आणखी मार्ग. नोकरी दक्षिण मुंबईत आणि परवडणारी खोली उपनगरात, हा मुंबईचा सर्वसाधारण नियम त्यांनाही लागू झाला. भांडुप, विक्रोळी, घाटकोपरच्या चाळी, कांदिवली-बोरिवलीच्या म्हाडा वसाहती, मुलुंडच्या जुन्या इमारती येथे विखुरलेल्या माणसांनी जेव्हा संघटना काढली, तेव्हा वर्गणीची वही, सामाईक सतरंज्या, मयताला पोहोचण्याची रीत आणि २६ जानेवारीची सत्यनारायणाची पूजा या गोष्टी तिच्यात आपोआप आल्या. ध्वजवंदन सकाळी, पूजा दुपारी आणि तीर्थप्रसादासोबत सर्वसाधारण सभेची तारीख जाहीर करणे, हा क्रम कोणत्याही घटनेत लिहिलेला नाही, तरीही तो सहसा चुकत नाही.

जन्मगावी मात्र परिस्थिती वेगळी असते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या, ज्यांवर त्या गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि त्यांतील किती परतली नाहीत, एवढेच कोरलेले आहे. साताऱ्याजवळील अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लोकव्यवहारातच कायमचा जोडला गेला आहे. अशा गावात संघटनेला वेगळे सभागृह बांधण्याची निकड भासत नाही, कारण चावडी, देऊळ आणि स्मारकाचा पार हेच तिचे सभागृह असते आणि कोणाचा मुलगा कोणत्या पलटणीत आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते. उपनगरात शेजारच्या दारावरील माणूस सियाचीनला होता हे मजल्यावरच्या कोणालाही माहीत नसते. बदली, तळ, रेल्वेचा डबा आणि छावणी यांत ज्यांचे तारुण्य गेले, त्यांना एकमेकांना शोधण्यासाठी एक पत्ता लागतो; सभागृहाची गरज येथून उत्पन्न होते.

पण जागा मिळणार कोठे? पार्ल्यातील लोकमान्य सेवा संघ १९२३ चा; गोरेगावचे केशव गोरे स्मारक केशव गोरे यांच्या १९५८ मधील निधनानंतर उभे राहिले. उपनगरांतील मराठी संस्थांच्या बऱ्याच वास्तू जमिनीचे भाव आवाक्यात होते तेव्हाच्या आहेत. माजी सैनिकांच्या स्थानिक संघटना मोठ्या संख्येने नोंदवल्या जाऊ लागल्या तोवर ती वेळ निघून गेली होती, आणि त्यामुळे त्यांच्या वाट्याला बहुधा परक्याची जागा आली: महापालिकेचे समाजकल्याण केंद्र, शाळेचा रविवारी रिकामा असलेला वर्ग, गृहनिर्माण संस्थेचे तळमजल्यावरील कार्यालय, एखाद्या देवळाच्या मागील सभामंडप किंवा ज्येष्ठ नागरिक संघाचे विरंगुळा केंद्र. कपाट कोठे ठेवायचे हा अशा संघटनेपुढचा कायमचा प्रश्न आहे. नोंदवह्या, शिक्का, पावतीपुस्तके, दिवंगत सभासदांच्या प्रतिमा आणि घडी केलेला राष्ट्रध्वज एवढे साहित्य मावेल असे एक लोखंडी कपाट एका जागेतून दुसऱ्या जागेत हलवताना कोणता कागद गहाळ झाला, यावर संघटनेच्या इतिहासातील पोकळ्या अवलंबून असतात. आपले स्वतःचे सभागृह असावे हा ठराव जवळपास प्रत्येक वार्षिक सभेत मांडला जातो, टाळ्यांच्या गजरात संमत होतो आणि पुढील वर्षी तसाच पुन्हा मांडला जातो. यात हसण्यासारखे काही नाही. ज्या शहरात सभासदांची मुलेच विरार, बदलापूरकडे सरकली, तेथे वर्गणीतून जागा घेणे ही अशक्य कोटीतली गोष्ट आहे.

जागेपेक्षाही अधिक संघटना थकतात त्या वैधानिक औपचारिकतेने. अशी संस्था सामान्यतः १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशी दुहेरी नोंदलेली असते. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज, म्हणजे प्रचलित भाषेत चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो आणि लेखापरीक्षण दरवर्षी सादर करावे लागते. निवडणूक झाली पण बदल अर्ज दाखलच झाला नाही, किंवा दाखल झाला पण जुन्या सचिवाच्या सहीवाचून अडला, आणि मग बँक नव्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या मान्य करीना, हा प्रसंग या क्षेत्रात काम केलेल्यांना अनोळखी नाही. ज्यांनी सैन्यात भांडारातील प्रत्येक वस्तूचा हिशेब काटेकोर ठेवला, त्यांच्याच संस्थेची कागदपत्रे अपुरी राहावीत हे विचित्र वाटते. पण तेथे आदेश देणारा एक असतो आणि येथे प्रत्येक जण सभासद असतो, हा फरक विसरून चालत नाही. सुभेदार साहेबांना हवालदार आजही 'साहेब' म्हणतो, ऑनररी कॅप्टन आत आले की खुर्च्या मागे सरकतात, आणि तरीही सर्वसाधारण सभेत मताला मत सारखेच असते. हुद्द्याचा मान आणि सभासदत्वाची समानता यांची सांगड घालणे हे अध्यक्षांचे सर्वांत अवघड काम ठरते.

आता टेबलाकडे वळावे. तेथे येणारी प्रकरणे वरवर क्षुल्लक वाटतात, म्हणून एक नेहमीचा प्रकार जवळून पाहणे उपयुक्त ठरेल. जवान भरती झाला, वार्षिक रजेवर गावी आला असता त्याचे लग्न झाले आणि परतल्यावर त्याने पलटणीच्या कार्यालयात ती माहिती दिली. अशी माहिती 'पार्ट टू ऑर्डर' या आदेशपत्रिकेत प्रसिद्ध होते; विवाह, अपत्यजन्म आणि नामनिर्देशन यांची अधिकृत नोंद तीच असते, आणि तिच्यावरूनच पुढे निवृत्तिवेतन प्रदान आदेशात, ज्याला सर्वजण पीपीओ म्हणतात, पत्नीचे नाव चढते. लग्नात वधूचे नाव बदलण्याची रूढी महाराष्ट्रात तेव्हा सार्वत्रिक होती. त्यामुळे जवानाने कधी पत्नीचे माहेरचे नाव सांगितले, कधी सासरचे. लिहून घेणारा लिपिक उत्तरेकडचा वा दक्षिणेकडचा असला तर त्याने कानावर पडले तसे रोमन लिपीत उतरवले, आणि मराठी नावापुढचे 'बाई' कधी नावाचा भाग झाले तर कधी गळून पडले. जन्मतारीख कोणालाच नक्की माहीत नसल्याने ती अंदाजाने घातली गेली. चाळीस वर्षांनी पती वारल्यावर ती स्त्री टेबलासमोर बसते तेव्हा पीपीओवर ती शेवंताबाई असते, शिधापत्रिकेवर सुमन असते, आधारपत्रावर सुमन असून जन्मतारीख १ जानेवारी असते, गावच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र माहेरचे आडनाव आणि १ जून असतो.

ही सारी एकच व्यक्ती आहे हे समोर बसलेल्या प्रत्येकाला दिसत असते, कारण तिचे पती त्याच सभागृहात वर्षानुवर्षे हजेरी लावत होते. अभिलेख कार्यालयाला मात्र ते कागदाने पटवून द्यावे लागते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र, राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी, विवाहाचा पुरावा, सरपंच किंवा तहसीलदारांचा दाखला, डिस्चार्ज बुक या सेवामुक्तीच्या पुस्तिकेतील कुटुंबाच्या पानाची साक्षांकित प्रत, आणि या सर्वांवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे शिफारसपत्र, अशी ती चळत तयार होते. अनुभवी कार्यवाह तिच्यातील प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढायला सांगतो आणि मूळ पीपीओ कधीही टपालाने पाठवू देत नाही. डिस्चार्ज बुक हाताळण्याचीही एक पद्धत ठरून गेलेली आहे: घडीवर फाटलेले पान चिकटपट्टीने जोडायचे नाही, कारण काही वर्षांनी पिवळी पडलेली पट्टी शाईच घेऊन निघते, पान पारदर्शक पिशवीत ठेवायचे आणि प्रथम रंगीत छायाप्रत काढायची. वारलेल्या सभासदाच्या पत्नीला कार्यवाह 'वहिनी' म्हणतो, तिचा मुलगा त्याला 'काका' म्हणतो, आणि या नात्यामुळेच नवऱ्याच्या पश्चात सहा-सहा महिने चालणारा पत्रव्यवहार त्या घराला सोसवतो.

सुधारणेची वाट अवलंबून असते ती सैनिकाच्या मूळ दलावर. मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला आणि तोफखान्याचे नाशिक रोडला. खलाशांची स्थिती वेगळी. नौदलाचे ब्युरो ऑफ सेलर्स आणि निवृत्तिवेतन कार्यालय मुंबईतच, मानखुर्दला आयएनएस तानाजीच्या परिसरात आहे. घाटकोपर किंवा मुलुंडच्या माजी नाविकाला आपला कागद कोठे अडला हे बसने जाऊन विचारता येते, तर त्याच चाळीतील माजी जवानाला सागरच्या दूरध्वनीची वाट पाहावी लागते. कोणत्या टेबलावर भूदलाची गर्दी अधिक असते याचे उत्तर संख्याबळात आहेच, पण थोडेसे या भूगोलातही आहे.

नोव्हेंबर महिना हा या कामाचा हंगाम. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत किंवा संरक्षण निवृत्तिवेतन कार्यालयात रांग लावावी लागे, नोव्हेंबर २०१४ मध्ये जीवन प्रमाण ही संगणकीय पद्धत आली, आणि नंतर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही झाली. शेतात आणि भांड्यांत ज्यांची बोटे झिजली त्या वृद्ध स्त्रियांच्या बोटांचे ठसे यंत्र स्वीकारत नाही. गोडेतेल लावून, कोमट पाण्यात बोटे बुडवून, अंगठ्याऐवजी अनामिका लावून प्रयत्न होतात. संकेतांक ज्या मोबाइलवर येतो तो नातवाच्या नावाचा, आणि नातू अंधेरीच्या मरोळ भागात कामाच्या पाळीवर. दाखला निघेपर्यंत टेबलावरची तरुण स्वयंसेविका, बहुधा एखाद्या सभासदाची महाविद्यालयात जाणारी मुलगी, चारचार वेळा तोच तपशील भरते. स्पर्श या नव्या प्रणालीने निवृत्तिवेतन प्रयागराजच्या कार्यालयातून थेट खात्यात जमा होऊ लागले आणि बँकेचा दुवा गळाला, ही सोय खरीच; परंतु जो प्रश्न पूर्वी बँकेच्या ओळखीच्या शिपायाला विचारता येई, तो आता संकेतस्थळाला विचारावा लागतो, आणि ते संकेतस्थळ मराठी बोलणाऱ्या आजींच्या वतीने हाताळायला संघटनेच्या टेबलालाच पुढे यावे लागते. कागद कमी होतील तसे संघटनांचे काम कमी होईल, हे भाकीत म्हणूनच फोल ठरले.

एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन या मागणीच्या काळात चित्र थोडे पालटले. १५ जून २०१५ पासून दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलन चालू होते, ७ नोव्हेंबर २०१५ रोजी शासनादेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासून तो लागू झाला. समान हुद्द्याच्या आणि समान सेवेच्या माणसांना, ते केव्हाही निवृत्त झाले असले तरी, सारखेच निवृत्तिवेतन मिळावे, एवढा त्याचा आशय होता. उपनगरी सभागृहे त्या वर्षी खऱ्या अर्थाने सभांसाठी वापरली गेली. एरवी न फिरकणारे निवृत्त अधिकारी आणि जवान एकाच सतरंजीवर बसून तक्ते समजावून घेऊ लागले. आदेश निघाल्यानंतर मात्र प्रत्येकाने आपापली थकबाकी मोजायला घेतली आणि गर्दी पुन्हा टेबलापाशी आली. २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचाही अनुभव असाच. वैद्यकीय कार्ड आणि खासगी रुग्णालयाकडे पाठवणीचे पत्र, या दोन गोष्टींनी संघटनेला जितके सभासद मिळवून दिले तितके कोणत्याही व्याख्यानाने दिले नाहीत. लष्करी कँटीनच्या रांगेचे महत्त्वही कमी लेखता येणार नाही: मार्वे, मानखुर्द आणि कुलाबा या बाजूंना महिन्याच्या सामानासाठी जाणाऱ्यांची गाठ रांगेत पडते, आणि सभेची खबर लेखी सूचनेआधी तेथेच पसरते.

समारंभांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ते सर्वत्र सारखे असतात. १६ डिसेंबरचा विजय दिवस, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, आणि २०१६ पासून १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन. १९५३ मध्ये करिअप्पा याच तारखेला सेवानिवृत्त झाले, आणि संक्रांतही बहुधा त्याच दिवशी येत असल्यामुळे सभागृहात आदरांजली आणि तिळगूळ एकत्र येतात. वीरमाता आणि वीरपत्नी यांना पहिल्या रांगेत बसवले जाते. विलेपार्ल्याच्या उड्डाणपुलाला काश्मीरमध्ये १९९५ साली वीरगती पावलेल्या कॅप्टन विनायक गोरे यांचे नाव आहे आणि त्यांच्या मातोश्री अनुराधा गोरे यांनी सैनिकांच्या जीवनावर सातत्याने लेखन केले आहे, हे उपनगरातील वाचकांना ठाऊकच असेल. तथापि पहिल्या रांगेतील हा मान कार्यकारिणीत फारसा उतरत नाही. टेबलावरील बहुसंख्य अर्ज विधवांचे असताना पदाधिकाऱ्यांच्या यादीत त्यांची नावे क्वचित दिसतात, आणि 'त्या कशाला त्रास घेतील' हे त्यावरचे ठरलेले उत्तर समाधानकारक नाही.

संघटना निवृत्तिवेतनाच्या कागदाभोवती उभी राहिली, याची एक किंमतही मोजली गेली आहे. ज्यांच्यापाशी पीपीओ नव्हता ते तिच्या बाहेर राहिले. दुसऱ्या महायुद्धासाठी भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. युद्ध संपताच त्यांतील बहुतेकांना किरकोळ रक्कम देऊन घरी पाठवण्यात आले, आणि राज्य शासनाने पुढे मासिक अनुदान सुरू केले तेव्हा त्यांच्यापैकी अनेक जण हयात नव्हते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या तलवार या नौदल केंद्रावरून सुरू झालेल्या उठावात सामील होऊन बडतर्फ झालेल्या खलाशांची गोष्ट याहून वेगळी. त्यांना पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनाचा मार्ग खुला झाला, म्हणजे शासनदरबारी त्यांची फाइलच दुसऱ्या खात्यात गेली. समुद्रावर लढलेली आणि शिक्षा भोगलेली ही माणसे माजी सैनिकांच्या सभेत कोणत्या नात्याने बसणार होती? बहुतेक घटनांमधील सभासदत्वाच्या कलमात त्यांच्यासाठी शब्दच नव्हता.

तोच प्रश्न आता नव्या रूपात दाराशी आला आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत अग्निवीर चार वर्षे सेवा करतो आणि प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. उरलेल्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते, पण निवृत्तिवेतन नाही, आरोग्य योजना नाही, आणि माजी सैनिकाचा दर्जाही योजनेने दिलेला नाही. हा तरुण वयाच्या तेविशीच्या आसपास गणवेश उतरवून बोरिवलीच्या किंवा घाटकोपरच्या घरी परतेल तेव्हा नोकरीचा अर्ज कसा लिहावा, सेवेचा दाखला कोठून मिळवावा, या प्रश्नांसाठी तो कोणाकडे जाईल हे उघड आहे. त्याला टेबलासमोर बसवून घ्यायला कोणाची हरकत नाही. सभासद करून घ्यायचे तर संस्थेच्या घटनेतील कलम बदलावे लागेल. संस्था नोंदणी अधिनियमातील १२ व्या कलमाखाली उद्दिष्टांत फेरफार करायचा असेल, तर त्यासाठी विशेष सभा बोलवावी लागते, ठरावाला तीनपंचमांश मते लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत तो तितक्याच बहुमताने कायम करावा लागतो. त्यानंतर धर्मादाय कार्यालयाकडे अर्ज. काही संघटनांत या विषयाची चर्चा सुरू झाली आहे, आणि ज्येष्ठ सभासदांमध्ये दोन तट पडलेले दिसतात: चार वर्षांच्या सेवेला पंधरा वर्षांच्या बरोबरीने बसवावे का, असे एका बाजूचे म्हणणे, आणि वर्गणी भरणारे तरुण आले नाहीत तर दहा वर्षांनी कपाटाची किल्ली कोणाकडे द्यायची, असे दुसऱ्या बाजूचे. वरच्या इतिहासाकडे पाहता दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. दोन विशेष सभांसाठी शाळेचा वर्ग आधी मागून ठेवावा लागेल, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांना द्यायचा अर्ज कार्यवाहालाच लिहावा लागेल.